विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानातल्या आणि घरातल्या पीसीचं आता काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि १५ तारखेला सकाळी सगळे पीसी नेहमीसारखे सुरू झाले. टॅली उघडली, बिलं निघाली, बँकेची साइट चालली. म्हणून बऱ्याच ठिकाणी "काही होत नाही हो" म्हणून विषय तिथेच मिटला. सपोर्ट संपणं म्हणजे पीसी बंद पडणं नव्हे, हे खरंच आहे. पण धोका काय आहे आणि तो कसा वाढत जातो, हे समजल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट घेता येणार नाही.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. सपोर्ट संपणं म्हणजे विंडोज १० ला हे पॅच येणं थांबणं. विंडोज १० आणि ११ यांचा गाभा बराचसा एकच आहे. ११ साठी पॅच आला की पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमका बदल कुठे झाला हे शोधता येतं, आणि जाणकार लोक ते काही दिवसांतच शोधतात. म्हणजे ११ मध्ये बुजवलेलं भोक १० मध्ये उघडं राहतं आणि त्याचा पत्ताही जाहीर झालेला असतो. हे दर महिन्याला होतं, त्यामुळे सपोर्ट संपलेला पीसी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त धोक्यात असतो.

याचा दाखला लगेच मिळाला. सपोर्ट संपल्यावर बरोबर चार आठवड्यांनी, ११ नोव्हेंबर २०२५ च्या पॅचमध्ये सीव्हीई-२०२५-६२२१५ या क्रमांकाने नोंदलेली चूक दुरुस्त झाली. ती विंडोजच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली होती, आणि पॅच येण्याआधीपासून तिचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर चालू होता. साध्या युजरच्या अधिकारांनी आत शिरलेला प्रोग्राम तिच्या जोरावर पूर्ण पीसीचा मालक होऊ शकतो. ज्यांनी वाढीव सपोर्ट घेतला होता त्यांच्या विंडोज १० ला हा पॅच मिळाला. बाकीच्यांना नाही.

"अँटिव्हायरस आहे ना" हे उत्तर इथे पुरत नाही. डिफेंडरला नव्या व्हायरसच्या ओळखखुणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, एज ब्राउझरही विंडोज १० वर किमान तोपर्यंत अपडेट होईल, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲप्सना सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. या तीन तारखा पाहून "म्हणजे २०२८ पर्यंत चालतंय" असा अर्थ लोक काढतात. अँटिव्हायरस आत आलेल्या फाइलला ओळखतो. कर्नलमधलं भोक तो बुजवत नाही, आणि त्या भोकातून आलेला प्रोग्राम अँटिव्हायरसच बंद करू शकतो.

मागचा अनुभव मात्र नीट वाचायला हवा, कारण त्यातून उलटा धडाही निघतो. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तरी एटीएममध्ये एक्सपी इतका रुतून बसला होता की रिझर्व्ह बँकेला २१ जून २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना जून २०१९ ची अखेरची मुदत द्यावी लागली. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा सापडलेले बहुतेक पीसी एक्सपीचे नव्हते, विंडोज ७ चे होते. विंडोज ७ ला तेव्हा सुरक्षा अपडेट मिळत होते. पॅच १४ मार्चला आला होता आणि हल्ला १२ मे रोजी झाला. जवळजवळ दोन महिने पॅच तयार होता, बऱ्याच जणांनी घेतला नव्हता. म्हणून सपोर्ट असणं आणि अपडेट प्रत्यक्ष पडणं या दोन वेगळ्या गोष्टी तपासा. विंडोज अपडेट बंद करून ठेवलेला विंडोज ११ हा सपोर्ट संपलेल्या विंडोज १० पेक्षा चांगला नाही.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत असं की पीसी किती जुना आहे यावरून निर्णय घेऊ नये, तो काय काम करतो यावरून घ्यावा. ज्या पीसीवरून नेट बँकिंग होतं, जीएसटी रिटर्न भरलं जातं किंवा डिजिटल सहीचं टोकन लागतं, त्याला एक महिनाही पॅचशिवाय ठेवू नये. ज्या पीसीवर फक्त एक जुना प्रोग्राम चालतो आणि इंटरनेटची गरजच नाही, तो व्यवस्थित वेगळा काढून ठेवला तर आणखी काही वर्षं वापरता येईल. दोन्ही कामं एकाच पीसीवर चालत असतील तर सगळ्यात आधी ती दोन पीसींवर वाटा. बाकीचं त्यानंतर.

सुरुवात तपासणीपासून. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या रन खिडकीत विनव्हर (winver) टाइप करा. तिथे आवृत्ती २२एच२ आणि बिल्ड १९०४५ दिसलं पाहिजे. २१एच२ किंवा १९०९ दिसलं, तर त्या पीसीचा सपोर्ट विंडोज १० च्या आधीच संपलेला आहे. आधी २२एच२ वर या. मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट ते पाहून ठेवा. हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

सगळ्यात सोपा आणि तात्पुरता मार्ग म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट, ज्याला ईएसयू म्हणतात. घरगुती वापरासाठी तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मिळवायचे तीन रस्ते आहेत: विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट खर्च केले तर फुकट, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये, कर वेगळा. तिन्हींत मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं आणि ते पीसीवर ॲडमिनिस्ट्रेटर असावं लागतं. मुलांसाठी काढलेलं अकाउंट चालत नाही. एका अकाउंटवर दहा पीसी बसतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं काम एकात होतं. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या पीसीला हा घरगुती ईएसयू मिळत नाही.

जागा आहे सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर. तिथे नावनोंदणीची लिंक दिसत नसेल, किंवा दाबल्यावर खिडकी उघडून लगेच बंद होत असेल, तर राहिलेले सगळे अपडेट आधी घ्या आणि पीसी रीस्टार्ट करा. खिडकी बंद पडण्याची ही चूक ऑगस्ट २०२५ च्या केबी५०६३७०९ मध्ये दुरुस्त झाली, पण तो अपडेटच पडलेला नसतो. फुकटच्या रस्त्यात एक काळजी घ्या. विंडोज बॅकअपमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांच्या खुणाही सुरू असतात. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी असते, ती फोटोंनी एका दिवसात भरते आणि मग जागा विकत घेण्याचे संदेश मागे लागतात. ईएसयूसाठी फक्त सेटिंग्ज पुरतात. फोल्डरांच्या खुणा काढून टाका. उशिरा नोंदणी केली तरी मधले राहिलेले पॅच मिळतात, पण तोपर्यंतचे दिवस उघड्यावर गेलेले असतात.

संस्थांसाठीचा ईएसयू वेगळा आहे. पहिल्या वर्षी दर पीसी ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, कमाल तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. पाच पीसींच्या ऑफिसने हे घ्यावं असं मला वाटत नाही, त्या पैशांत नवे पीसी येतात. शाळा-कॉलेजांना हाच दर पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४ असा आहे. शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर हा दर मुख्याध्यापकांच्या कानावर घालाच. इतक्या कमी खर्चात पूर्ण कक्ष तीन वर्षं सुरक्षित राहतो आणि हे फार थोड्यांना माहीत आहे.

आता विंडोज ११. "तुमचा पीसी चालणार नाही" असं मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या तपासणीच्या प्रोग्रामने सांगितलं की लोक तिथेच थांबतात. थांबू नका, कारण नकाराची कारणं तीन प्रकारची असतात आणि त्यातली दोन फुकटात दूर होतात. प्रोसेसर जुना असेल तर इलाज नाही: इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २००० च्या पुढचं लागतं, काही मोजके अपवाद सोडून. पण प्रोसेसर यादीत असूनही नकार येत असेल, तर टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय, बंद आहे किंवा विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं आहे.

टीपीएमसाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा. इंटेलच्या बोर्डांवर पर्यायाचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. असेंबल्ड पीसीत एच३१० किंवा बी४५० सारखे बोर्ड असतील तर टीपीएमची सोय आतच असते, फक्त बंद ठेवलेली असते. वेगळा चिप विकत घ्यायची गरज नाही. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते मात्र पाहा. चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाला न कळताच चालू झालेलं असतं, आणि बायोसमध्ये बदल केल्यावर पुढच्या बूटला निळा पडदा ती की मागतो. की नसेल तर डेटा परत मिळत नाही. यावर कुठल्याही दुकानात उपाय नाही.

लेगसीचं प्रकरण जास्त किचकट, आणि आपल्याकडे जास्त आढळणारं. रन खिडकीत एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा, बायोस मोडसमोर लेगसी लिहिलं असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. ती जीपीटी या नव्या पद्धतीची करायला विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) नावाची कमांड आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी व्हॅलिडेट (validate) हा शब्द जोडून फक्त तपासणी करा, ती पास झाली तरच कन्व्हर्ट (convert). चालू विंडोजमधून करायचं असेल तर दोन्ही वेळेला अलाऊफुलओएस (allowFullOS) हा शब्दही जोडावा लागतो. प्रत्येक शब्दाआधी स्लॅश.

बहुतेक असेंबल्ड पीसींवर व्हॅलिडेटच नापास होतं, आणि कारण जवळजवळ ठरलेलं आहे. हार्डवेअरवाल्याने विंडोज टाकताना सी, डी, ई असे भाग पाडून दिलेले असतात. एमबीआर डिस्कवर डी आणि ई हे बहुधा एका एक्सटेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल म्हणून बसवलेले असतात. या कमांडला लॉजिकल पार्टिशन चालतच नाही, आणि प्रायमरी पार्टिशनही जास्तीत जास्त तीन चालतात. विंडोजचं छोटं सिस्टिम रिझर्व्ह्ड आणि रिकव्हरी हे दोन भागही त्या तिनात धरले जातात. उपाय असा: डी आणि ई वरचा सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, तो उघडतोय याची खात्री करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते दोन्ही भाग पुसा, उरलेला हिरव्या चौकटीतला एक्सटेंडेड भागही पुसा, आणि मग पुन्हा व्हॅलिडेट. कन्व्हर्ट झाल्यावर मोकळ्या जागेत डी नव्याने बनवा.

क्रम चुकवू नका. कन्व्हर्ट आधी, बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीचा पर्याय) बंद करून यूईएफआय (बूटची नवी पद्धत) चालू करणं नंतर. उलट केलं की पीसी सुरू करताना बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो. घाबरून फॉरमॅट मारू नका, सीएसएम परत चालू केलं की विंडोज जसंच्या तसं उघडतं. आणि पीसीत जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. कार्ड काढा, मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टला लावा. तरीही काही दिसत नसेल तर बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटं काढून बायोस मूळ स्थितीत आणा.

कागदावर विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. ४ जीबीवर ते बसतं, पण काम करवत नाही. ८ जीबी रॅम आणि साध्या हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, एवढं केल्याशिवाय अपग्रेड करू नका. नाहीतर दोष विंडोज ११ ला दिला जातो आणि खरं कारण जुनी फिरती डिस्क असते.

यादीत नसलेल्या प्रोसेसरवर रुफससारख्या साधनाने तपासण्या वगळून विंडोज ११ टाकता येतं. मायक्रोसॉफ्ट अशा पीसीला अपडेटची हमी देत नाही. प्रत्यक्षात दर महिन्याचे पॅच येतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती दर वेळी पेन ड्राइव्ह बनवून हाताने टाकावी लागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना समजणं सक्तीचं आहे, त्यामुळे कोअर टू ड्युओवर ते बूटच होत नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या घरच्या पीसीसाठी हा मार्ग मी मान्य करतो. हिशेबाच्या पीसीसाठी नाही. तिथे "बहुधा अपडेट येतील" यावर विसंबून राहणं परवडत नाही.

सगळ्यात अवघड जागा वेगळीच आहे. छोट्या पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, सराफी दुकानं इथे अजूनही डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले प्रोग्राम चालतात. ते १६ बिटचे असतात. असे प्रोग्राम फक्त ३२ बिट विंडोजवर थेट चालतात, आणि ३२ बिटमध्ये मिळणारं शेवटचं विंडोज म्हणजे विंडोज १०. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. म्हणून इथे अपग्रेड म्हणजे प्रोग्राम बंद. शिवाय ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होतच नाही, डिस्क कोरी करून नव्याने टाकावं लागतं. लिहिणारा माणूस आता मिळत नाही, सोर्स कोडही बहुधा नाही.

यावर नव्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारे व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स हे कामाचे उपाय आहेत. मूळ डॉसबॉक्स घेऊ नका, तो खेळांसाठी आहे; दोन काउंटर एकाच डीबीएफ फाइलवर (फॉक्सप्रोच्या नोंदींची फाइल) काम करत असतील तर नोंदींचं लॉकिंग त्यात नीट होत नाही आणि नोंदी बिघडतात. प्रोग्रामचं पूर्ण फोल्डर कॉपी करा, कॉपीवर एक पूर्ण दिवसाचं काम करून पाहा, आणि दिवसअखेरच्या बेरजा जुन्या पीसीशी ताडा. प्रिंटिंगला हमखास अडतं. डॉसचा प्रोग्राम एलपीटी१ या जुन्या पॅरलल पोर्टला प्रिंट पाठवतो, नव्या बोर्डाला तो पोर्टच नसतो, आणि यूएसबी-टू-पॅरलल वायर लावली तरी ती विंडोजला एलपीटी१ म्हणून दिसत नाही. व्हीडॉस ही प्रिंट पकडून विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. प्रोग्राम थेट विंडोजवरच चालत असेल, तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर शेअर करून नेट यूज (net use) कमांडने तो एलपीटी१ ला जोडून घ्यायचा.

डॉसमध्ये मराठी दाखवणाऱ्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर मराठी नावं भरलेला जुना डेटा असेल, तर तो नव्या पडद्यावर उलट्यासुलट्या चिन्हांसारखा दिसेल. डेटा बिघडलेला नसतो, तो इस्की या युनिकोडआधीच्या भारतीय संकेतात असतो. युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. फाइल टाकून देऊ नका. डीटीपीवाल्यांचीही अडचण याच जातीची आहे. पेजमेकर आणि जुन्या लिपी सॉफ्टवेअरची हार्डवेअर लॉकं पॅरलल पोर्टची असतील तर नव्या पीसीला लागणारच नाहीत, आणि यूएसबी लॉकचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ ची मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय अडवते. जुन्या फाइली एकदा युनिकोडमध्ये नेणं हाच कायमचा मार्ग. तोवर तो पीसी वेगळा ठेवा.

वेगळा ठेवायचा म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण यात अर्धवटपणा फार होतो. शेअरिंग लागत नसेल तर नेटवर्कची वायर काढा आणि वायफाय कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा. शेअरिंग लागत असेल तर आयपी पत्ता हाताने द्या, समजा १९२.१६८.१.५०, सबनेट २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेची जागा कोरी सोडा. मग ऑफिसातले पीसी दिसतात पण बाहेरचं इंटरनेट लागत नाही. इथे एक गोष्ट राहून जाते: त्याच खिडकीत आयपीव्ही६ ची खूण काढा. आता फायबरच्या बऱ्याच राउटरांवर आयपीव्ही६ चालू असतं, आणि खूण तशीच राहिली तर पीसी त्या वाटेने गुपचूप इंटरनेटवर जातो. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) ची खूण असेल तर तीही काढा; वॉनाक्राय त्याच दारातून आत आला होता. बाहेरचे पेन ड्राइव्ह या पीसीला लावू नयेत. ठरलेला एकच ठेवावा, तो आधी अपडेट असलेल्या पीसीवर तपासावा.

मोठ्या यंत्रांसोबत आलेल्या पीसीवर, म्हणजे सीएनसी किंवा पॅथॉलॉजीच्या मशिनवर, विनव्हरमध्ये एलटीएससी (लांब सपोर्टची खास आवृत्ती) असा शब्द दिसला तर त्याच्या तारखा वेगळ्या आहेत. एलटीएससी २०२१ ची साधी आवृत्ती १२ जानेवारी २०२७ पर्यंत आणि आयओटी आवृत्ती १३ जानेवारी २०३२ पर्यंत आहे. तिथे घाई करू नका. हीच आवृत्ती स्वस्त कीसह ऑनलाइन विकली जाते, ती घेऊ नका. तिचं लायसन सुट्या ग्राहकाला विकायचं नसतं.

ऑफिसातला एक पीसी विंडोज ११ वर नेला की दुसऱ्या दिवशी "बिलिंगचं फोल्डर उघडत नाही" ही तक्रार येते. २४एच२ पासून विंडोज ११ प्रोमध्ये पासवर्डशिवायचं गेस्ट शेअरिंग बंद असतं आणि एसएमबी साइनिंग, म्हणजे शेअरिंगच्या संदेशांवर डिजिटल सही, सक्तीचं असतं. नेटवरचे बरेच व्हिडिओ ही सुरक्षा बंद करायला शिकवतात. तसं करू नका. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेला एक युजर बनवा, फोल्डरवर त्याला अधिकार द्या, आणि बाकीच्या पीसींवर तोच युजर आणि पासवर्ड एकदा टाकून लक्षात ठेवायला सांगा. काम पाच मिनिटांचं आहे.

ज्या पीसीवर फक्त ब्राउझर, मेल आणि पत्रं टाइप करणं चालतं, आणि प्रोसेसर जुना आहे, तिथे लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच, इंग्रजी अक्षरांनी टाइप करणाऱ्यांसाठी आयबस-एम१७एन मधला फोनेटिक कीबोर्ड घ्या. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून मिंट लाइव्ह चालवून प्रिंटर तपासा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच चालतात. कॅनन एलबीपी २९००, जो आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या टेबलावर असतो, त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवणं कटकटीचं आहे. तो प्रिंटर असेल तर निर्णय त्यावरच ठरवा. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन असलेल्या पीसीवर लिनक्सचा विचार करू नका.

विंडोज ११ वर गेलात म्हणजे सुटलात असं नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच मिळतात. २३एच२ चा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ ला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही विंडोज १० च्याच दिवशी संपला, त्यामुळे पीसी नवा आणि वर्ड जुनं असेल तर काम अर्धंच झालं; लिब्रे ऑफिस पुरत असेल तर ते घ्या. सिक्योर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना विंडोज अस्सल आहे का ते तपासणारी सोय, हिची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, म्हणजे ईएसयू न घेतलेल्या विंडोज १० ला येत नाहीत. पीसी त्यानंतरही बूट होईल, पण बूटच्या टप्प्यातल्या पुढच्या दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत.

यातलं काहीही करण्याआधी डिस्कची पूर्ण क्लोन काढा, फक्त फोल्डर कॉपी करून थांबू नका. फोल्डर कॉपी करताना हमखास राहतात त्या गोष्टी: आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, फॉन्ट फोल्डरमधले जुने मराठी फॉन्ट, आणि टॅलीचा डेटा, जो प्रत्येकाकडे वेगळ्या ठिकाणी असतो. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो लिहून घ्या. टॅलीचं लायसन फॉरमॅट मारण्याआधी जुन्या पीसीवरून सरेंडर करा. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर टोकन देणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नव्याने उतरवा आणि नव्या पीसीवर एक सही प्रत्यक्ष करून पाहा, रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे. एसएसडी नवी टाकली असेल तर जुनी हार्ड डिस्क तशीच काढून, वर तारीख आणि पीसीचं नाव चिकटवून, एक पूर्ण तिमाही कपाटात ठेवा. त्या तीन महिन्यांत रिटर्न, पगार आणि बँकेचं जुळवणीपत्रक एकदा तरी होऊन जातं, आणि जे राहिलं असेल ते तेव्हाच लक्षात येतं. मग ती पुसून द्या.